होडीतला उरलेला रंग आणि वार्निश : उजनीच्या काठावरच्या नोंदी

होडी दाजींची. वीस फुटी, फायबरची, आत सागाच्या फळ्या आणि बाकं. करमाळा तालुक्यात कंदरच्या पुढे उजनी धरणाच्या फुगवट्यात असते. पहाटे मासेमारी, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला येणाऱ्या लोकांच्या फेऱ्या. चालवतो भाचा. मी सोलापुरात यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे, रविवारी जातो. रंगकाम आणि डागडुजी माझ्याकडे. घरापासून होडीपर्यंत शंभर किलोमीटरच्या वर अंतर पडतं, त्यामुळे उरलेला रंग होडीतच ठेवावा असं ठरलं. पाण्याखालच्या जुन्या भिंती आणि झाडांची खोडं होडीला सारखी घासतात, आणि ओरखडा ताजा असतानाच झाकला तर काम दहा मिनिटांचं असतं. विचार बरोबर होता. ठेवण्याची पद्धत चुकली. ती सुधारायला नऊ महिने आणि साडेचार हजार रुपये गेले. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी या नोंदी.

१४ मे २०२३

रंगकाम संपलं. पाणी बरंच मागे गेलंय, होडी वाळलेल्या गाळावर लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे. उरलेला माल:

पांढरा ऑइल पेंट, चार लिटरच्या डब्यात अंदाजे दीड लिटर. बाहेरचा निळा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग, लिटरच्या डब्यात निम्मा, आणि तो घट्ट व्हायला त्यात मिसळायच्या हार्डनरची निम्मी डबी. बाकांचं वार्निश, लिटरच्या डब्यात चारशे मिली असेल. टर्पेंटाइन एक लिटर, एनसी थिनर, म्हणजे रंग पातळ करायचं लवकर उडणारं द्रव्य, एक लिटर. जवसाचं उकळलेलं तेल, म्हणजे दुकानात ज्याला बेलतेल म्हणतात ते, अर्धा लिटर. फायबरच्या ठिगळांसाठी रेझिन दोन किलो, ते लवकर घट्ट करणारं कोबाल्ट आणि त्याच्या हार्डनरची बाटली.

सगळं एका जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत घातलं आणि ट्रंक होडीच्या तोंडाकडच्या बंद खणात सरकवली. खणाला झाकण आहे, पाऊस आत जात नाही, कुणाच्या नजरेस पडत नाही. काम चोख झालं असं वाटलं.

२१ मे २०२३

दुपारी दोनच्या सुमाराला होडीत बसलो होतो तर तोंडाकडून टक्, टक् असा पातळ आवाज. आधी वाटलं खालच्या ठोकळ्यावर फायबर तडकतंय. खण उघडला आणि वासाचा भपकारा अंगावर आला. आवाज डब्यांच्या बुडाचा होता. उन्हाने आतली वाफ वाढते, पत्र्याचं बूड बाहेर फुगतं. संध्याकाळी गार झालं की तेच बूड आत जातं. म्हणजे डबा दिवसभर श्वास सोडतो आणि रात्रभर घेतो. घेताना झाकणाच्या फटीतून बाहेरची हवा आत येते, आणि त्या हवेने रंगाला साय धरते.

तीनशे रुपयांचा डिजिटल थर्मामीटर आणला होता, त्याचा सेन्सर खणात सोडला. बाहेर सावलीत ४२ अंश. खणात ५८. होडी गडद निळी आहे आणि खणाला वारा लागत नाही, त्यामुळे तो भट्टीसारखा तापतो. टर्पेंटाइनची वाफ चाळीस अंशांच्या आसपासच ठिणगीने पेटण्याजोगी होते. एनसी थिनर तर थंडीच्या दिवसांतही पेट घेतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी खाली उतरते. खणाच्या खालून होडीच्या तळाला मोकळी वाट आहे आणि त्याच तळात मागे बॅटरी आणि पेट्रोलचा कॅन आहे. आठवडाभर भाचा या होडीत झोपला होता आणि त्याच्या खिशात काडेपेटी असते.

ट्रंक लगेच बाहेर काढली आणि काठावरच्या बाभळीखाली ठेवली.

२८ मे २०२३

ही नोंद सविस्तर लिहितो, कारण यात होडी जळता जळता वाचली.

शनिवारी संध्याकाळी वल्ह्यांच्या मुठी आणि तळफळ्या बेलतेलाने पुसल्या. पुसायला टॉवेलच्या कारखान्यातल्या कातरणी होत्या. सोलापुरात त्या किलोवर मिळतात, तेल छान पितात. काम झाल्यावर दहा-बारा कातरणी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून मधल्या बाकाखाली ठेवल्या. शेजारी लाइफ जॅकेटं.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला भाचा म्हणाला, "मामा, करपल्याचा वास यायलाय." मी म्हटलं, कुणीतरी पाचट पेटवलं असेल. पाच मिनिटांनी वास घसा धरायला लागला. बाकाखाली हात घातला तर पिशवी बाहेरून कोमट होती. उघडली. वरची कातरण नेहमीसारखी पिवळट, ओलसर. ती उचलली तर खालची तपकिरी, त्याच्या खालची काळी आणि चुरचुरीत, आणि मधून पांढऱ्या धुराची बारीक दोरी वर आली. हवा लागताच काळ्या कापडाच्या कडेला लाल ठिपका फिरायला लागला. भाच्याने पिशवी उचलून थेट मासे धुण्याच्या घमेल्यात बुडवली. चर्र आवाज झाला. जवळच्या लाइफ जॅकेटच्या कापडावर तळहाताएवढा डाग राहिला.

आग कुणी लावली नव्हती. बेलतेल वाळतं म्हणजे हवेतला प्राणवायू घेतं, आणि घेताना उष्णता सोडतं. फळीवर पातळ थर असेल तर ती उष्णता निघून जाते. चिंध्यांच्या गठ्ठ्यात ती अडकते, गठ्ठा तापतो, तापला की तेल आणखी वेगाने वाळतं, आणि चक्र सुरू होतं. कापड सुती, तेल भरपूर, वर बेचाळीस अंशांचं ऊन. टर्पेंटाइनच्या चिंध्यांना पेटायला बहुधा ठिणगी लागते. तेलाच्या आणि तेलमिश्रित वार्निशच्या चिंध्यांना काहीच लागत नाही.

त्या दिवसापासूनचा नियम: तेलाची चिंधी हातातून सुटली की थेट पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात. घरी नेऊन ती एकेक करून अंगणात दोरीवर मोकळी पसरायची. कडक वाळली की कचऱ्यात. गठ्ठा करायचा नाही, ढीग करायचा नाही, "पाच मिनिटांसाठी" बाकाखाली ठेवायची नाही. दाजींना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "पाव्हणं, त्या बाकावर लोकांची लेकरं बसत्यात."

बेलतेल होडीतून कायमचं उतरवलं.

११ जून २०२३

बाभळीखालच्या ट्रंकेची तपासणी. सावलीत असूनही दुपारी आत ४४.

वार्निशचं झाकण उघडलं तर वर जाड साय, मांजरीच्या कातड्यासारखी मऊ आणि चिवट. खालचं वार्निश चांगलं होतं, पण साय कापून काढताना तिचे तुकडे आत पडले. पहिल्यांदा टॉवेलच्या तुकड्यातून गाळलं. तो मूर्खपणा ठरला, टॉवेलचे तंतू वार्निशमध्ये उतरले आणि बाकाच्या नमुन्यावर केसाळ उठले. मग बायकोच्या जुन्या नायलॉन साडीचा तुकडा दुहेरी करून गाळलं, तेव्हा नितळ निघालं. चारशेतलं अडीचशे मिली उरलं.

रेझिनचा डबा हलवला तर आवाजच नाही. दोन किलो रेझिन गोठून जेली झालं होतं. त्यात हार्डनरचा थेंबही पडला नव्हता, नुसत्या उष्णतेने. फायबरचं काम करणाऱ्या माणसाला सोलापुरात विचारलं. तो म्हणाला, गार जागी काही महिने टिकतं, उन्हात महिनाही टिकत नाही. सहाशे रुपये गेले.

त्यानेच पुढचं विचारलं, कोबाल्ट आणि हार्डनर कुठे ठेवलंय? एकाच पिशवीत आहेत म्हटल्यावर त्याने हातातलं काम खाली ठेवलं. ही दोन द्रव्यं एकमेकांत थेट मिसळली तर भडका उडतो, स्फोटासारखा. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर घालायचा, आणि दोन बाटल्या एका पेटीत कधीच ठेवायच्या नाहीत. हार्डनरची बाटली पत्र्याच्या किंवा हवाबंद डब्यातही ओतायची नाही, ती स्वतः हळूहळू वायू सोडते, म्हणून मूळच्या प्लास्टिकच्या बाटलीतच ठेवायची. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण गेली तीन वर्षं मी ठिगळं मारतोय. बाटल्यांवर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

फायबरचं सामान आता होडीत नाही आणि बाभळीखालीही नाही. हार्डनर घरी माठाच्या कोपऱ्यात गार जागी, कोबाल्ट दुसऱ्या खोलीत. रेझिन लागेल तेव्हा अर्धा किलो आणायचं.

२५ जून २०२३

उष्णतेवर उपाय म्हणून मासळीच्या बर्फाची थर्माकोलची पेटी आणली. गार ठेवायलाच तर ती बनवलीय. रंगाचे डबे, टर्पेंटाइन आणि थिनर आत रचले, झाकण चिकटपट्टीने बंद केलं, पेटी मागच्या बाकाखाली.

२ जुलै २०२३

थिनरच्या डब्याचं फिरकीचं बूच इंजिनाच्या थरथरीने सैल झालं होतं. कपभर थिनर सांडलं असेल, जास्त नाही. पण थिनर थर्माकोल खातं. पेटीच्या बुडाला परातीएवढं भोक, भोकाच्या कडा वितळून पांढऱ्या चिकट डिंकासारख्या झालेल्या, आणि तो डिंक डब्यांना, तळफळीला, वार्निश केलेल्या बाकाच्या पायाला चिकटलेला. खरवडायला दीड तास. बाकाच्या पायाचं वार्निशही गेलं.

पेटी १८० रुपयांची, पण खरं नुकसान बाकाचं. रंगाच्या जवळ थर्माकोल नको. थिनर साध्या पाण्याच्या बाटलीतही नको, प्लास्टिक धुरकट होतं, मऊ पडतं. थिनर त्याच्या मूळ पत्र्याच्या डब्यातच राहील, आणि बुचाखाली पातळ पत्र्याची चकती आहे ती फेकायची नाही. मी ती पहिल्याच दिवशी फेकली होती.

१६ जुलै २०२३

पाऊस म्हणावा तसा नाही, पण हवा दमट. पीयूच्या हार्डनरची डबी फुगली. वरचं झाकण घुमटासारखं. डबीवर ओलं पोतं टाकलं, तोंड दुसरीकडे केलं आणि पेचकसाने कडेला हळूच उचकटलं. फुस्स करून वायू निघाला. आत पांढरट, फेसाळ, घट्ट. हार्डनरला दमट हवेतलं पाणी लागलं की त्यातून वायू बनतो आणि माल दाट होतो. निम्मी डबी वापरून झाकण लावली, त्याच दिवशी तिचं आयुष्य संपायला लागलं होतं. उरलेला निळा पीयू हार्डनरशिवाय निरुपयोगी. दोन्ही मिळून चौदाशे.

इथे मी मोठा निर्णय घेतला. मोसमातल्या ओरखड्यांसाठी दोन डब्यांचा रंग वापरायचाच नाही. त्याच छटेचा एकडबी ऑइल पेंट पेठेतून जुळवून आणला. पाण्याच्या रेषेच्या वरच्या भागावर पॉलिश पेपर मारून लावला तर धरतो. पाण्याखालचं मोठं काम वर्षातून एकदा, तेव्हा पीयूचा सगळ्यात लहान पॅक आणायचा आणि त्याच दिवशी संपवायचा. ज्याला पीयूच ठेवायचंय त्याने हार्डनर होडीपासून दूर, कोरड्या ठिकाणी, मोठ्या झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्यांबरोबर ठेवावा, आणि तरीही महिन्याभरात वापरावा.

६ ऑगस्ट २०२३

अर्धवट डबा म्हणजे अर्धा डबा हवा, हे एव्हाना पटलंय. गोट्यांचा प्रयोग करून पाहिला. वार्निशच्या डब्यात काचेच्या गोट्या टाकत गेलो, पातळी वर आली, हवा कमी झाली. घरातल्या फडताळात हे चालत असेल. होडीत गोट्या दिवसभर डब्यात घुसळत राहिल्या. रविवारी उघडलं तर वार्निशमध्ये ताकासारखे बारीक बुडबुडे, ब्रश मारला की फळीवर पुरळ. दोन दिवस स्थिर ठेवलं तेव्हा बुडबुडे बसले. गोट्या धुवायला टर्पेंटाइन गेलं ते वेगळंच.

डबा उलटा ठेवण्याचाही सल्ला अनेक रंगारी देतात. रंग झाकणाच्या खोबणीला आतून बंद करतो, साय धरलीच तर उलट्या बाजूला. जमिनीवर खरं आहे. होडीत झाकण थरथरीने ढिलं झालं आणि पाव लिटर पांढरा रंग ट्रंकेच्या बुडाला. पुढचा डबा सरळ ठेवला, झाकणावरून खालपर्यंत सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. ट्यूबची पट्टी टिकली. ती आता प्रत्येक डब्याला आहे.

२७ ऑगस्ट २०२३

पत्र्याचे कोरे डबे आणले. २०० मिलीचे सहा, अर्ध्या लिटरचे दोन, सगळे मिळून २४० रुपये. प्रत्येकाचं झाकण दाबून बसणारं, आणि नवं, म्हणजे खोबणीत जुना रंग नाही.

मोठ्या डब्यातला माल गाळून या डब्यांत भरला. हवा नको म्हणून काठोकाठ भरला. दुपारी एकच्या सुमाराला निळ्याचं एक झाकण वर उडून पडलं आणि रंग काठावरून ओघळला. तापलं की रंगही फुगतो. पंचवीस अंशांचा माल पंचावन्नला गेला तर अर्ध्या लिटरमागे दहा-पंधरा मिली वाढतो, आणि दाबून बसवलेलं झाकण तेवढा दाब झेलत नाही. डबा काठापासून बोटभर रिकामा हवा. त्याहून जास्त नको, त्याहून कमी नको. उरलेल्या बोटभर हवेसाठी वार्निशवर थेट पातळ प्लास्टिकचा गोल कापून अंथरला, रंगाला चिकटेल असा. नंतर उघडताना गोल उचलला की साय त्याच्याबरोबर निघते.

झाकण बसवण्याआधी खोबण चिंधीने स्वच्छ पुसायची. हे सगळे सांगतात आणि कुणी करत नाही, मीही केलं नव्हतं. खोबणीतला रंग वाळला की झाकण पूर्ण खाली बसत नाही, आणि पुढच्या वेळी उचकटताना वाळलेला चुरा आणि गंज दोन्ही आत पडतात. पांढऱ्या रंगात गंजाचे जे तपकिरी कण सापडत होते ते इथूनच येत होते. आता डब्यातून ब्रश बुडवतही नाही. लागेल तेवढा रंग कागदी कपात ओततो, खोबण पुसतो, झाकण लाकडी ठोकळ्याने ठोकतो, मग कामाला लागतो. कपातला उरलेला रंग डब्यात परत जात नाही.

२४ सप्टेंबर २०२३

डब्यांवर नावं लिहायची ही तिसरी पद्धत. कागदी चिठ्ठी दमट हवेत गळाली. मार्करची शाई टर्पेंटाइनच्या एका ओघळाने गेली. आता झाकणावर त्याच रंगाचा ठिपका आणि डब्याच्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेली तारीख. भरल्याची तारीख आणि शेवटचं उघडल्याची. वार्निशच्या डब्यावर "व" कोरलंय, कारण वार्निशचा ठिपका दिसत नाही.

१५ ऑक्टोबर २०२३

पेटी. यावर दोन रविवार गेले, पण आता जे आहे ते दाखवण्यासारखं आहे.

जुनी ट्रंक बाद केली. मागाच्या शेडमधल्या जाड पत्र्याच्या तुकड्यातून नवी पेटी, दीड फूट बाय एक फूट, उंची एक फूट. बाहेरून आणि झाकणावर पांढरा रंग. नुसत्या पांढऱ्या रंगाने काय फरक पडणार असं वेल्डर म्हणाला. जुनी काळी ट्रंक आणि नवी पेटी शेजारी शेजारी उन्हात ठेवून थर्मामीटर लावला. दुपारी तीनला काळीत ५१, पांढरीत ४२.

जागा: बंद खणात नाही. मागच्या बाकाच्या पाठीमागे, उघड्यावर, बाकाच्या सावलीत, वारा लागेल अशी. बॅटरी आणि पेट्रोलचा कॅन होडीच्या दुसऱ्या कडेला हलवला. दोन बोल्टने पेटी तळाला आवळली, पण थेट टेकवली नाही. कंदरला केळीच्या बागांचा माल भरायला प्लास्टिकचे क्रेट असतात, त्यातल्या तुटलेल्या एकाच्या पट्ट्या कापून खाली अंथरल्या. पेटीखाली पाणी साचत नाही, बूड गंजत नाही.

भोकं: आधी पेटीच्या बुडालाच चार भोकं पाडणार होतो, वाफ खाली उतरते म्हणून. भाच्याने हात धरला. म्हणाला, "मामा, डबा फुटला तर रंग कुठं जाणार?" भोकातून तळात, तळातलं पाणी उपसलं की धरणात. सोलापूरला नळाचं पाणी येतं ते बरंचसं उजनीचंच. उन्हाळ्यात चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणाऱ्या त्या पाण्यासाठी माझी बायको पहाटे उठते, आणि त्याच पाण्यात मी थिनर सोडायची सोय करत होतो.

मग असं केलं. पेटीच्या आत तीन इंच खोल पत्र्याचा ट्रे, सगळे डबे फुटले तरी माल ट्रेमध्ये राहील एवढा. वाफेची भोकं ट्रेच्या काठाच्या किंचित वर, दोन बाजूंना, आणि दोन भोकं वरच्या कडेला समोरासमोर. वारा खालून शिरतो आणि वरून निघतो, वाफ साचत नाही, द्रव बाहेर येत नाही. भोकांवर बारीक जाळी, मधमाश्या घर करतात म्हणून. ट्रेमध्ये बोटभर कोरडी वाळू, डबे तिच्यात रुतून उभे राहतात आणि गळती पिऊन घेते.

पत्रा फुकटात, वेल्डिंग ६५०, बोल्ट-जाळी १२०.

५ नोव्हेंबर २०२३

होडीत काय ठेवायचं याचा हिशेब. मोसमाच्या सुरुवातीपासून लागलेला माल भाच्याने वहीत लिहिलाय: निळा १४० मिली, पांढरा ९०, वार्निश १६०. म्हणजे मी मे महिन्यात गरजेच्या कितीतरी पट माल होडीत कोंबला होता, आणि जपण्याची सगळी धडपड त्या जास्तीच्या मालासाठी चालली होती.

आता पेटीत: निळा २०० मिली एक डबी, पांढरा एक, वार्निश एक, टर्पेंटाइन पाव लिटर. ब्रश दोन, पॉलिश पेपर, कागदी कप, चिंध्यांचा पाण्याचा डबा. बास. एनसी थिनर होडीत नाही, कारण ऑइल पेंट आणि वार्निश टर्पेंटाइनने पातळ होतात आणि ब्रशही त्यानेच धुतले जातात. बाकीचा साठा दाजींच्या घरी, गोठ्यामागच्या मातीच्या भिंतीच्या खोलीत. मे महिन्यातही ती खोली पत्र्याच्या शेडपेक्षा कितीतरी गार असते. चुलीपासून लांब आहे, आणि कुलूप लावतो, लेकरं जातात म्हणून.

२६ नोव्हेंबर २०२३

वाया गेलेल्या मालाची विल्हेवाट. गोठलेलं रेझिन उन्हात पूर्ण कडक होऊ दिलं. खराब पांढरा रंग जुन्या पुठ्ठ्यांवर पातळ थापून वाळवला, बाकीच्यात लाकडाचा भुसा आणि वाळू कालवून घट्ट केला. वाळलेला गोळा कचऱ्यात गेला, ओला थेंबही काठावर ओतला नाही. ब्रश धुतलेलं टर्पेंटाइन बाटलीत न ठेवता पत्र्याच्या डब्यात पंधरा दिवस स्थिर ठेवलं. गाळ खाली बसला, वरचं स्वच्छ टर्पेंटाइन पुन्हा ब्रश धुवायला वापरलं. वर्षाला लिटरभर वाचेल.

७ जानेवारी २०२४

यंदा धरण भरलंच नाही, पाणी लवकर मागे सरकतंय. पक्षी आहेत, फेऱ्या आहेत, पण उथळ पाण्यात होडी जास्त घासते. डाव्या बाजूला हातभर ओरखडा. भाच्याने एकट्याने केलं: पाण्याने धुऊन वाळवलं, पॉलिश पेपर, कपात निळा, दोन हात. फोन करून सांगितलं, पस्तीस मिनिटं लागली. याच कामासाठी गेल्या वर्षी मी शंभर किलोमीटर आलो होतो.

एक तक्रार त्याची: झाकण उघडायला पेचकस वापरला की काठ वाकतो आणि मग नीट बसत नाही. खरं आहे. चपट्या, बोथट टोकाचा चमचा पेटीत टाकला, डब्याभोवती तीन-चार ठिकाणी थोडं थोडं उचलायचं, एकाच ठिकाणी जोर नाही.

१८ फेब्रुवारी २०२४

सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे जानेवारीत पुढे जाता आलं नाही, आज सहा आठवड्यांनी पेटी उघडली. वास अगदी फिका. वाळू कोरडी. ट्यूबच्या पट्ट्यांपैकी एक उन्हाने चिरलीय, बदलली. पट्ट्या दर तीन महिन्यांनी बदलायच्या, असं झाकणाच्या आत कोरलं.

वार्निशची डबी ऑगस्टमध्ये भरलेली, पाच वेळा उघडलेली. झाकण निघालं, प्लास्टिकचा गोल उचलला, त्याच्याबरोबर कागदाएवढी पातळ साय आली आणि खाली मधासारखं नितळ वार्निश. गाळावंही लागलं नाही. थर्माकोलच्या डिंकामुळे वार्निश गेलेला बाकाचा पाय घासून त्यावर दोन हात मारले. उन्हात तो सागाच्या रेघांसकट चमकला तेव्हा दाजी जवळ येऊन उभे राहिले आणि अंगठ्याने कोपरा दाबून बघितला. वाळलं नव्हतं, ठसा उमटला. तो ठसा तसाच ठेवलाय.

निळ्याची डबी संपत आलीय. पुढच्या रविवारी मातीच्या खोलीतल्या डब्यातून दुसरी भरून आणायची, बोटभर रिकामी ठेवून.